पट्टी कोरडी होती, कारण गाडी तिरकी होती

पत्र थोडक्यात: कर्वेनगरला राहणाऱ्या आणि रोज हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या २७ वर्षांच्या एका मैत्रिणीनं लिहिलं आहे. बाबांची २००९ सालची १२५ सीसी मोटरसायकल आता ती चालवते. बाबा निवृत्तीनंतर कराडला गेले, पण गाडी अजूनही त्यांच्या जुन्या, ओळखीच्या मेकॅनिककाकांकडेच जाते. जुलैत काकांनी ऑइल बदललं. एक लिटरची बाटली त्यांनी पूर्ण ओतली नाही, तळाला थोडं ठेवलं, हे तिच्या लक्षात राहिलं. आठवड्यानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी साइड स्टँडवर असताना, तिनं डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघितली. टोकाला जेमतेम ऑइल लागलेलं. तिनं फोन करून काकांना "ऑइल कमी घातलंत" म्हणून सुनावलं. ते एवढंच म्हणाले, "गाडी घेऊन ये, बघू." ती गेली नाही. पेट्रोल पंपावरून बाटली आणून तिनं अंदाजे ४०० मिली ऑइल स्वतःच ओतलं. आता गाडी जड चालते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली तेलकट ओल दिसते. ऑफिसमधला मित्र म्हणतो, कमी असण्यापेक्षा जास्त असलेलं बरं. गौरी-गणपतीला तिला याच गाडीनं कराडला जायचं आहे. तिचे प्रश्न तीन: अशी गाडी नेली तर चालेल का, काकांनी फसवलं का, आणि मुलगी बघून गॅरेजमध्ये कुणी गंडवू नये म्हणून काय करायचं?

प्रिय मैत्रिणी,

आधी गाडीचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. ही गाडी कराडला नेऊ नकोस. उद्या हिंजवडीलाही नेऊ नकोस. ऑइल बाहेर काढून पातळी नीट होईपर्यंत ती सुरूच करू नकोस.

तुझ्या मित्राचं म्हणणं खूप लोकांचं असतं. तेल म्हणजे पोषण, जास्त घातलं तर जास्त ताकद, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं आहे. पण इंजिनच्या पोटात ऑइलची जागा ठरलेली असते. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, त्या पातळीच्या वर फिरत राहावी अशी ती रचना आहे. पातळी चढली की मिनिटाला हजारो फेरे घेणारी क्रँक ऑइलमध्ये आपटायला लागते. रवीनं ताक घुसळावं तसं ऑइल घुसळलं जातं आणि त्याला फेस येतो. पंप मग ऑइलबरोबर हवेचे बुडबुडेही ओढतो आणि जिथे अखंड थर हवा तिथे तो तुटतो. म्हणजे पोटात ऑइल गरजेपेक्षा जास्त असूनही वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत ते धड पोहोचत नाही. गाडी जड लागते ती या घुसळण्यामुळे. आतला दाब वाढला की ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात फेकलं जातं, तिथून कार्बुरेटरमार्गे पुन्हा इंजिनात जाऊन जळतं. तुझा निळसर धूर आणि डब्याखालची ओल यांचा उगम बहुधा हाच आहे. अशा १००-१२५ सीसी गाड्यांत एकूण ऑइलच लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी असतं. त्यात ४०० मिलीची भर म्हणजे चमचाभर जास्त नव्हे, जवळपास निम्म्यानं जास्त.

आता त्या दिवशी पार्किंगमध्ये काय झालं ते पाहू. तू ओघात लिहिलंस की गाडी साइड स्टँडवर होती. मी तुझं पत्र तिथेच थांबून पुन्हा वाचलं.

माझ्याकडे पहिली मोटरसायकल आली तेव्हा नाना पेठेत एका स्पेअर पार्टच्या दुकानासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्या फिटरनं मला अर्धी भरलेली पाण्याची बाटली घेऊन हे समजावलं होतं. तू घरी ओट्यावर करून बघ. बाटली सरळ ठेव आणि पाण्याच्या पातळीला पेननं बाहेरून खूण कर. मग बाटली डावीकडे कलती कर. उजव्या बाजूला पाणी खुणेच्या कितीतरी खाली जातं, आणि थेंबभरही कमी झालेलं नसतं. साइड स्टँडवर मोटरसायकल डावीकडे कलते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डिपस्टिक, किंवा पातळी बघायची गोल काच, इंजिनच्या उजव्या बाजूला असते. सगळं ऑइल डावीकडे सरकतं आणि पट्टी कोरडी निघते. त्यात आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तोही गाडी ज्या दिशेनं उभी असेल त्याप्रमाणे वाचन बिघडवतो. तू जे पाहिलंस ते खरंच पाहिलंस, याबद्दल मला शंका नाही. पण त्या पट्टीनं तुला गाडीचा कल दाखवला, ऑइल दाखवलं नाही.

आणि तळाला ऑइल ठेवलेली ती बाटली? तुझा संशय तिथून सुरू झाला, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते. मॅन्युअलमध्ये ऑइलचे बहुधा दोन आकडे असतात: एक इंजिन पूर्ण उघडून जोडल्यावर लागणारं माप, दुसरं नुसतं ऑइल बदलताना लागणारं. दुसरा आकडा लहान असतो, कारण खालचा बोल्ट काढून कितीही वेळ ठेवलं तरी थोडं जुनं ऑइल आतल्या कानाकोपऱ्यांत चिकटून राहतंच. म्हणूनच बाजारात ८०० आणि ९०० मिलीच्या बाटल्याही मिळतात. ज्या गाडीला ९०० मिली लागतं तिच्यात "पैसे दिलेत ना, मग घाला सगळं" म्हणून पूर्ण लिटर ओतणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक खूश होतं आणि ऑइल पहिल्या दिवसापासून वरच्या खुणेच्या वर. काकांनी तळाला थोडं ठेवलं, ते माप ठाऊक असलेल्या माणसाचं लक्षण असू शकतं. फक्त ती उरलेली बाटली त्यांनी तुझ्या हातात द्यायला हवी होती. पैसे तुझे, ऑइल तुझं. एवढी मागणी तू पुढच्या वेळी नक्की कर.

तरीही, काकांनी खरंच कमी घातलं नसेल कशावरून, असं तुझ्या मनात राहीलच. रास्त आहे. गॅरेजमध्ये मुलीशी बोलताना तिच्या शेजारी उभ्या पुरुषाकडे बघून उत्तर देणारे लोक मलाही भेटले आहेत. तुझी सावधगिरी अनुभवातून आलेली आहे आणि ती सोड असं मी म्हणणार नाही. पण या माणसाबाबत तुझ्याकडे पुरावा कोणता आहे? तिरक्या गाडीतलं एक वाचन आणि न संपलेली एक बाटली. त्यांच्या बाजूला आहे "गाडी घेऊन ये, बघू" हे वाक्य. ज्यानं ऑइल मारलं तो सहसा गाडी परत दाखवायला बोलवत नाही. हेसुद्धा अनुमानच, मान्य. सुदैवानं अनुमानावर राहायची गरज नाही, कारण साक्षीदार अजून तुझ्या इंजिनच्या पोटात आहे.

सगळं ऑइल काढायचं आणि मोजायचं. मॅन्युअलमध्ये बदलीचं माप समजा ९०० मिली आहे. काकांनी बरोबर घातलं असेल तर तुझे ४०० धरून साधारण १३०० मिली आत आहे. थोडं डब्यात फेकलं गेलं, थोडं जळलं, ते वजा केलं तरी हजारच्या बऱ्यापैकी वर निघायला हवं. निघालं ८००-९०० मिलीच, तर तुझा संशय खरा धरायला जागा आहे. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घे, स्वयंपाकघरातल्या मापानं त्यांत पाणी ओतून दर १०० मिलीला मार्करनं खुणा कर, मग कोरड्या कर. झालं तुझं मोजपात्र.

ऑइल कमी करायच्या इतर वाटाही आहेत. जाड सिरिंजला लांब नळी जोडून डिपस्टिकच्या भोकातून जादाचं ओढून घेता येतं. ५०-१०० मिली जास्त झालं असेल तर हाच सोपा मार्ग, बोल्टला हात लावावा लागत नाही. नळी मात्र घट्ट बसलेली हवी, आत सुटून पडली तर नसतं काम वाढतं. काही जण खालचा ड्रेन बोल्ट थोडा सैल करून अंदाजे ठिबकू देतात. मला ती पद्धत आवडत नाही. हातावर ऑइल, जमिनीवर ऑइल, आणि किती गेलं ते कळत नाही. तुझ्या बाबतीत तर पूर्णच बदल. एक तर मोजायचं आहे, आणि दुसरं म्हणजे पंपावरून आणलेलं ऑइल कोणतं होतं हे तू लिहिलेलं नाहीस.

ती बाटली असेल तर तिचं मागचं लेबल वाच. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल इंजिनला, गिअरला आणि क्लचलाही लागतं, क्लचच्या प्लेटा त्यात बुडालेल्या असतात. म्हणून लेबलवर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं हवं. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. ते क्लचवर आले की प्लेटा घसरतात, इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचं एमबी लिहिलेलं ऑइलही मोटरसायकलला नको. आणि १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० या दाटपणाच्या ग्रेडांपैकी तुझ्या गाडीला कोणतं, ते मॅन्युअल सांगेल. तिथे लिहिलं असेल तेच घाल, मित्राच्या बुलेटला काय घालतात त्यावर जाऊ नकोस.

हे सगळं तुझ्या पार्किंगमध्येच होऊ दे, आणि ते काकांना करू दे. त्यांना फोन कर आणि सरळ सांग: "काका, त्या दिवशी मी साइड स्टँडवर बघितलं होतं, आणि वरून ४०० मिली घातलंय. गाडी चालवत आणत नाही. तुम्ही येता का? काढलेलं ऑइल मला मोजायचंय." माफी मागायची का, हे मोजमाप झाल्यावर ठरव. पण ४०० मिली घातल्याचं लपवू नकोस. धूर बघून एखाद्याला पिस्टनच्या रिंगा गेल्या असं वाटेल आणि इंजिन उघडायचा खर्च निघेल. रिंगा खरंच गेल्या असतील तर पातळी बरोबर केल्यानंतरही निळा धूर टिकून राहील. आधी नव्हे, नंतर तपासायची गोष्ट आहे ती. सुरुवातीला एक-दोन दिवस डब्यात राहिलेलं ऑइल जळून थोडा धूर येईल, त्यानं घाबरू नकोस.

एरवी गरम इंजिनचं ऑइल पटकन निथळतं, पण इथे रात्रभर उभ्या गाडीचं थंडच काढा, इंजिन सुरू करायला नको. अर्धा तास ठिबकू द्या. बोल्टचा वॉशर नवा लावा, तो काही रुपयांत मिळतो. बोल्ट जोर लावून आवळायचा मोह टाळायला लावा. चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले की प्रकरण महागात जातं. एअर फिल्टरचा डबा उघडून आतलं ऑइल पुसून घ्या, डब्याखालच्या छोट्या नळीचं बूच काढून तिथे साठलेलं सोडून द्या. फिल्टर कागदाचा असेल आणि भिजला असेल तर बदलाच, तो धुवून उपयोग नाही. स्पंजचा असेल तर धुता येतो. स्पार्क प्लग काढून पुसा.

काढलेलं ऑइल कुठे जाणार, हेही विचार. आपल्याकडे ते सर्रास गटारात ओततात, आणि पुण्यातलं गटार शेवटी मुठेला मिळतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. साखळीलाही ते लावू नकोस, त्यात धातूचा बारीक कीस असतो. ज्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये पिंपात साठवून पुनर्प्रक्रियेला देतात, तिथे बाटलीतून पोहोचव.

आता तुझा तिसरा प्रश्न, कुणी गंडवू नये म्हणून काय करायचं. मला वाटतं, पट्टी स्वतः वाचता येणं यात त्याचं अर्ध्याहून जास्त उत्तर आहे.

सपाट जागा शोध. पार्किंगच्या फरशीवर एक गोटी ठेव. घरंगळली तर ती जागा नको. गाडी डबल स्टँडवर घे. डबल स्टँड नसलेल्या गाडीवर कुणाला तरी बसवून ती सरळ धरायला लाव. इंजिन तीन ते पाच मिनिटं नुसतं चालू ठेव, बंद कर, आणि दोन-तीन मिनिटं थांब. हे थांबणं लोक गाळतात. बंद केल्या केल्या बघितलं तर बरंच ऑइल अजून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, असतं, पट्टी कमी दाखवते. मग झाकणाभोवतीचा चिखल पुस, पावसाळ्यात तर आवर्जून, नाहीतर तो आत जातो. पट्टी काढ, दोरे न सुटणाऱ्या सुती कपड्यानं कोरडी पुस, परत आत घाल. इथे एक बारकावा आहे. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. फिरवून आवळली तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काही गाड्यांत उलट, पूर्ण आवळूनच वाचायचं असतं. तुझ्या गाडीचं मॅन्युअल बघ. ते हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतं. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. मला ती वरच्या खुणेच्या किंचित खाली आवडते. शंका आली तर पुसून पुन्हा बघ. काच असलेल्या गाडीत हेच सगळं, फक्त पट्टीऐवजी काचेवरच्या दोन रेघा.

कमी दिसलं तर एका वेळी ५० मिलीच घाल. दोन खुणांमधलं अंतर दिसतं त्याहून कमी ऑइलचं असतं. घाल, मिनिटभर खाली उतरू दे, पुन्हा वाच. घालणं सोपं, काढणं किती कठीण ते तू आता अनुभवतेच आहेस.

पंधरा दिवसांनी एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास, एवढं पुरे. छोट्या वहीत तारीख, किलोमीटर, पातळी आणि घातलेलं माप लिहीत जा. जुनी गाडी थोडं ऑइल खातेच. वहीत ते खाणं दिसतं, आणि ते एकदम वाढलं तर तेही दिसतं. पुढच्या खेपेला "तुम्ही ऑइल कमी घातलंत" असं म्हणायच्या जागी तू "बदलल्याच्या संध्याकाळी पातळी इथे होती, ८०० किलोमीटरनंतर इथे आहे" असं म्हणशील. अशा वाक्याला कुणीही शेजारच्या पुरुषाकडे बघून उत्तर देत नाही.

वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेव. ऑइल काळं झालं म्हणजे लगेच वाया गेलं असं नाही, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. पण ते दुधी, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडी दुधी साय धरते, ती लांब चक्कर मारल्यावर जाते. पट्टीवरचं सगळंच ऑइल दुधी असेल तर गाडी चालवायची नाही. दुसरी गोष्ट, काही न घालता पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर कार्बुरेटरमधून पेट्रोल झिरपून खाली उतरतंय. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांबरोबर आपल्याकडच्या नव्या मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या, त्यांना कार्बुरेटर नाही. तुझी जुनी आहे. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लाव.

कराडचं म्हणशील तर, ऑइल बदलून पातळी बरोबर आल्यावर चार-पाच दिवस हिंजवडीच्या फेऱ्या कर. रोज सकाळी निघण्याआधी पट्टी वाच. पातळी जागेवर राहिली, धूर गेला, डब्याखाली नवी ओल आली नाही, तर खुशाल जा. खंबाटकी चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नकोस, खालच्या गिअरवर सावकाश चढ. यातली एखादी जरी गोष्ट जमली नाही तर गौरींना स्वारगेटवरून एसटीनं जा, गाडी काकांकडे राहू दे.

आणि काढलेल्या ऑइलचा आकडा मला कळव. १३०० च्या आसपास निघाला तर तो आधी काकांना दाखव, मग बाबांना सांग.